सवतीचा टाक

आडनावांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ज्या धंद्यावर पोट चालतं त्याच्याबद्दल असं बोलू नये, पण खरं ते खरं. एकाच घरातली माणसं पाच पिढ्यांत सात आडनावं लावतात, आणि सहाव्या पिढीतले आजोबा माझ्यासमोर बसून छातीवर हात ठेवून सांगतात, "आम्ही मूळचे ऐनापुरेच."

हे आजोबा म्हणजे शामराव ऐनापुरे. वय अठ्ठ्याहत्तर, मिरजेच्या एमआयडीसीत लेथचा कारखाना काढून तो मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले. रिकामपणात त्यांना वंशावळीचं वेड लागलं आणि ते माझ्याकडे आले. मी 'अन्वय'च्या मिरज कचेरीत पडताळणीचं काम करते. अन्वय हे यंत्र. जुने कागद वाचायचे आणि कोणत्या कागदावरचं माणूस कोणत्या कागदावरच्या माणसाशी एकच आहे ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. ते चुकलं की कान धरायला मी.

शामरावांच्या घराण्याचे कागद मासलेवाईक होते. मोडीत 'अईनापुरे', जन्ममृत्यूच्या रजिस्टरात 'ऐनापूरकर', शाळेच्या इंग्रजी दाखल्यावर 'इनापुरे'. पलटणीच्या पेन्शनच्या कागदावर गोऱ्या साहेबाच्या कानाला लागलं तसं 'एनापोरे'. जमिनीच्या एका उताऱ्यावर नुसतंच 'पाटील', तर एका लग्नपत्रिकेवर कुळीचं 'जाधव'.

अन्वय अशा वेळी दोन पायऱ्यांनी जातो. पहिली पायरी कानाची. मोडीत ह्रस्व-दीर्घ नसतं आणि शब्द तोडून लिहायची पद्धत नसते, इंग्रजीत तर प्रत्येक कारकुनाचा कान वेगळा. म्हणून तो आडनावातले स्वर काढून टाकतो आणि उरलेली हाडं एकमेकांशी लावून बघतो. ऐनापुरे, इनापुरे, एनापोरे यांची हाडं एक. पण पाटील आणि ऐनापुरे यांची हाडं कशी जुळणार? तिथं दुसरी पायरी, शेजाराची. नावाभोवती कोण उभं आहे ते तो बघतो. खरेदीखताला साक्षीदार कोण, बांधाला बांध कुणाचा, पोराला शाळेत घालायला कोणता मामा आला. माणूस आडनाव बदलतो पण शेजार सहसा बदलत नाही. सगळं तोलून अन्वय एक आकडा देतो, शंभरात किती खात्री. नव्वदच्या वर गेलं की माणूस एक.

पुरुषांच्या बाबतीत हे झकास चालायचं. बायकांच्या बाबतीत पार बोऱ्या वाजायचा. आपल्याकडं लग्नात मुलीच्या बापाचं नाव जातं, आडनाव जातं आणि ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की उरलंसुरलंही जातं. अन्वयच्या लेखी आपल्या पणज्या-खापरपणज्या सोळाव्या वर्षी आभाळातून पडायच्या आणि तिकडं कुणाच्या तरी मुली सोळाव्या वर्षी हवेत विरून जायच्या. मला याचा मनस्वी राग होता. पुरुषाची सात आडनावं जोडून देतोस आणि बाईचं एक नाव बदललं तर तिला हरवतोस, असं मी त्याला मनातल्या मनात बोलून घ्यायची.

शामरावांची पणजी लक्ष्मी अशीच अडली. नवरा तातोबा. १९११च्या रजिस्टरात 'लक्ष्मी भ्रतार तातोबा, मयत, ताप'. आणि १९१४ साली त्याच तातोबाला त्याच लक्ष्मीपासून मुलगा. मेलेली बाई तीन वर्षांनी बाळंत होत नाही. म्हणजे मृत्यूची नोंद चुकलेली, साथीच्या गडबडीत कारकुनानं भलत्याच कुणाचा मृत्यू तिच्या नावावर टाकलेला. अशा चुका मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. मी शेरा लिहिला: बाईचं नाव धरू नये, एकट्यादुकट्या मृत्यूच्या नोंदीवर विसंबू नये, घर धरावं. नवरा तोच, घर तेच, मुलं त्याच ओळीत, तर बाई तीच.

अन्वयनं विचारलं, 'हा नियम सर्वत्र लावू?'

मी 'हो' दाबलं. चहावाला यायच्या आत काम उरकलं. वरून आमच्या पुण्याच्या साहेबांची शाबासकीही आली, कारण त्या एका नियमानं चार लाख हरवलेल्या बायकांचे धागे जुळले. मी त्या दिवशी घरी जाताना पाव किलो कंदी पेढे घेतले.

घरी पेढे खायला तनू होती. तनू नऊ वर्षांची, आणि माझी नव्हे. म्हणजे माझीच, पण मी तिला जन्म दिलेला नाही. तिची आई रेवती २०३६ साली रक्ताच्या कर्करोगानं गेली, तेव्हा तनू चार वर्षांची होती. दोन वर्षांनी मी पुष्करशी लग्न केलं. तनू मला पहिल्या दिवसापासून 'मावशी' म्हणायची आणि मी कधी 'आई म्हण' म्हटलं नाही. लेकरावर कसली सक्ती? मग गेल्या वर्षी वैशाखात पुष्करही गेला. ऑफिसात जिना चढता चढता बसला तो उठलाच नाही. घरात उरलो आम्ही दोघी, रक्तानं एकमेकींच्या कुणीच नसलेल्या.

तनूची आजी, रेवतीची आई इंदुताई पोवार, गडहिंग्लजला असते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिनं पालकत्व मंडळाकडे अर्ज केला, नातीचा ताबा मिळावा म्हणून. तिचं चूक नव्हतं. एकुलती एक लेक गेली, जावई गेला, आता नात सावत्र आईकडे कशाला? कायद्यानं मी तनूची कुणी नव्हते. दत्तकविधान करायचं राहून गेलं होतं, करू करू म्हणत. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं, "विशाखाताई, तयारीत राहा. सख्खी आजी पुढं असताना तुमचं टिकायचं नाही." सुनावणीची तारीख लागली वीस ऑगस्ट. मी तनूचे जुने कपडे घडी करून एका बॅगेत ठेवायला लागले आणि पुन्हा काढून कपाटात लावायला लागले. महिनाभर हाच उद्योग.

अठरा ऑगस्टला सकाळी कणीक मळताना मंडळाचा निरोप आला. 'बालिकेची जन्मदात्री हयात असल्याचे एकनोंदीवरून दिसत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

एकनोंद म्हणजे सरकारची नवी नोंदवही. प्रत्येक नागरिकाची जन्मापासूनची सगळी कागदपत्रं एका जागी. जुने विस्कळीत कागद जोडायला सरकारनं त्याच उन्हाळ्यात अन्वय घेतला होता, मृतांसाठी शिकवलेल्या सगळ्या नियमांसकट. मी कणकेच्या हातानं तनूची नोंद उघडली. आई: रेवती पुष्कर बेडगे, बदललेले नाव विशाखा पुष्कर बेडगे. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

मला एका क्षणात सगळं उमगलं. नवरा तोच, घर तेच, मूल तेच. रेवतीचा मृत्यूचा दाखला त्यानं कारकुनाची चूक धरला होता. आमचं २०३८ सालचं लग्न म्हणजे उशिरा केलेली नोंदणी आणि विशाखा हे तांदळातलं नाव. अंगठ्याचे ठसे जुळत नव्हते, पण राबत्या बायकांचे ठसे झिजतात हे त्याला आम्हीच शिकवलेलं.

एक फोन केला असता तर तास-दोन तासांत चूक दुरुस्त झाली असती. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कणीक झाकून ठेवली, हात धुतले आणि तनूचे कपडे शेवटचे कपाटात लावले. फोन केला नाही.

सुरुवातीला गंमत वाटली. औषधाच्या दुकानातल्या यंत्रानं मला नेहमीची गोळी नाकारली, 'आपणांस सल्फा चालत नाही' म्हणून. ते मला नव्हे, रेवतीला चालत नव्हतं. इस्पितळातून फोन आला, "रेवती बेडगे बोलताय? तुमची पाच वर्षं तपासणी राहिलीय." पहिल्या वेळी मी आधी दार लावून घेतलं आणि मग 'हो' म्हटलं. तिसऱ्या वेळी नाही. बँकेच्या पाटीवर माझी सही जुळेना, तेव्हा रेवतीची जुनी सही बघून मी वर्तमानपत्राच्या कडेला ती गिरवली. तिचा 'र' मोठा वेलांटीदार, शेपूट लांब ओढलेलं. चौथ्या दिवशी किराण्याची यादी करताना माझा 'रवा' तसाच निघाला. मी तो कागद फाडून टाकला.

मग कराडहून माझ्या आईचा फोन आला. "अगं विशू, माझ्या एकनोंदीत मी निपुत्रिक दिसतेय. तुझं नाव आहे, पण पुढं लिहिलंय, लग्नानंतर माग लागत नाही. आता माग लागत नाही म्हणजे काय? आत्ता बोलतेयस ना तू?"

"बोलतेय गं."

"मग सांग की त्यांना. मला रेशनला विचारलं, जवळचं कुणी आहे का, मी म्हटलं लेक आहे, तर तो पोऱ्या माझ्याकडं असा बघतोय..."

"सांगते," मी म्हटलं. सांगितलं नाही. आपल्या आईला जिवंतपणी निपुत्रिक करून मी जेवायला बसले, हे मी लपवणार नाही.

दिवाळीच्या सुटीआधी शाळेनं मुलांना घरातल्या माणसांचा तक्ता आणायला सांगितला. तो एकनोंदीतून आपोआप छापून येतो, प्रत्येक माणसाच्या वर्षावर्षाच्या चेहऱ्यांच्या पट्टीसकट. तनू तो कागद घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पट्टीत बत्तिसाव्या वर्षापर्यंत रेवती होती, लांब हनुवटी, डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची तुटलेली जागा. चौतिसाव्या वर्षापासून मी. तेहतिसाव्या वर्षाचा फोटो कुणाचाच नव्हता, म्हणून यंत्रानं तो स्वतः भरला होता. भुवई तिची, गाल माझे, आणि डोळे कुणाचे ते मला आजही सांगता येणार नाही. ती बाई आमच्याकडे बघून जरासं हसत होती.

"तुझा चेहरा बदलला तेव्हा दुखलं का गं?" तनूनं विचारलं.

मी गॅस बारीक केला.

"म्हणजे तू मेलीच नव्हतीस," ती म्हणाली. "सगळे उगाच सांगत होते. तू दवाखान्यात होतीस आणि चेहरा बदलून आलीस. मला वाटलंच होतं." तिनं कागदाची नीट घडी घातली. "आई, मला भूक लागलीय."

तीन वर्षं ज्या शब्दाची मी वाट बघितली तो असा आला. मी तिला थालीपीठ लावून दिलं. ती जेवत असताना मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं. भुवई जागेवर होती. माझीच होती. तरी मी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

त्याच आठवड्यात शामराव ऐनापुरे कचेरीत आले. हातात छापलेली वंशावळ, रागानं कान लाल झालेले.

"बाई, ह्यात एक माणूस कमी हाय."

"कोण?"

त्यांनी खिशातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली आणि टेबलावर उघडली. आत नखाएवढा चांदीचा पत्रा होता. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात जोडलेली. वरच्या टोकाला दोऱ्याचं भोक रुंदावून फाटत आलेलं आणि मागची बाजू घासून गुळगुळीत झालेली.

"सवतीचा टाक," शामराव म्हणाले. "ही थोरली लक्ष्मी. साथीत गेली. माझी पणजी ती धाकटी, तिचं म्हायेरचं नाव काशी. तातोबानं दुसरं लगीन केलं तवा तांदळात परत लक्ष्मीच लिवलं. घरची लक्ष्मी बदलत न्हाई म्हणायचे. पण नाव घेतलं तरी थोरलीला पुसायची न्हाई, म्हणून हिला गळ्यात बांधली. नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, मग नेसायचं. घास घ्यायच्या आधी टाकाला हात लावून म्हणायचं, 'जेवते गं.' मरेपर्यंत केलं म्हातारीनं."

"आजोबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आडनावं इचारली. टाकाचं कुणी इचारलं?"

लहानपणी आजोळी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात असला टाक मी स्वतः पाहिलेला होता, हातही लावला होता. कागदात गुंतलेल्या माणसाला देव्हारा आठवत नाही.

"थोरलीला दोन पोरी हुत्या," शामराव म्हणाले. त्यांचा राग आता उतरला होता आणि ते मला जास्त जड गेलं. "तुमच्या ह्या कागदावर त्यांची आई कोण, तर धाकटी. आवो, त्या पोरी सात-आठ वर्षांच्या असतील. आई गेली म्हणून रडल्या असतील का न्हाई? ते सगळं फुकट गेलं की."

मी त्यांना वंशावळ दुरुस्त करून देते म्हटलं. त्यांनी टाक पुन्हा फडक्यात बांधला आणि बांधताना पुटपुटले, "चल गं बाई." टाकाशीच बोलले.

तरी मी आणखी चार दिवस काढले. माणूस किती कोडगं होऊ शकतं ते स्वतःवरून कळलं. अर्ज केला की आमच्या नोंदी वेगळ्या होणार, रेवती मयत होणार, आणि तनू गडहिंग्लजला जाणार. इतकं सरळ होतं ते.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. इंदुताई होती. एसटीनं आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत तनूसाठी खाजे. मला वाटलं भांडायला आली. ती खुर्चीवर बसली, पाणी प्याली, आणि तिनं फोन काढून माझ्यासमोर धरला. तिच्या एकनोंदीत लिहिलं होतं, कन्या: रेवती. हयात.

"दोन म्हयने झाले," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून बघते. हयात. दुसऱ्या दिवशी परत बघते. हयातच." तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. "तेहतीस वर्षं नोकरी केली मी. शेकड्यांनी मेलेली माणसं आवरली. रेवाला मी कुणाला हात लावू दिला न्हाई, माझी मीच आवरली. पायातली जोडवी माझ्या हातानं काढली. मग विशाखा, तूच सांग मला, मी कुणाला आवरलं?"

"इंदुताई, ती यंत्राची चूक आहे. आमच्याच यंत्राची."

"ते कळतंय गं मला, मी काय अडाणी हाय?" ती चटकन म्हणाली. मग आवाज उतरला. "पण तुला खरं सांगू? मला आवडायला लागलंय ते."

तनू आतून धावत आली आणि आजीच्या गळ्यात पडली. "आजी, तुला कळलं का? आई मेलीच नव्हती!" इंदुताईनं तिला घट्ट धरलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. भुवईकडे बघत होती, हे माझ्या लक्षात आलं.

दुपारी जेवून ती निघाली. जेवताना तिनं मला न विचारता माझ्या ताटात तिखटाची चटणी वाढली नाही, रेवतीला सोसायची नाही म्हणून. मी ती मागून घेतली नाही. दारात तिनं चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली.

"येते रेवा," ती म्हणाली.

"सावकाश जा, आई," मी म्हटलं.

ती जिना उतरून गेली. मी दाराला धरून तशीच उभी राहिले. ते शब्द मी ठरवून बोलले नव्हते. ते आपोआप आले होते, तो 'र' आला होता तसेच. माझी आई कराडला निपुत्रिक होऊन बसली होती, आणि मी दारात उभी राहून दुसऱ्याच कुणाच्या आईला निरोप देत होते. आणि जिला खरोखर आई म्हणायचं होतं ती रेवती, तिला तर आम्ही तिघींनी मिळून मरूही दिलं नव्हतं. तनू मागून म्हणाली, "आई, दार लाव ना," आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या लेकराची भीती वाटली.

सोमवारी कचेरी उघडल्या उघडल्या मी माझा नियम काढला आणि नवा लिहिला. नवरा एक, घर एक, नावही एक असलं तरी बायका दोन असू शकतात. मृत्यूची नोंद कारकुनाची चूक धरू नये. जिथं शंका येईल तिथं घरच्यांना एवढंच विचारावं: देव्हाऱ्यात सवतीचा टाक आहे का?

अन्वयनं विचारलं, 'हा नियम सर्वत्र लावू?'

या वेळी मी चहा संपेपर्यंत थांबले. मग 'हो' दाबलं.

त्या दिवशी दुपारपासून एकनोंदीचे निरोप घराघरांत जायला लागले. जुन्या लोकांच्या नोंदी सुधारायला कुणाची संमती लागत नाही. 'आपल्या पणजी भागीरथी यांचे निधन झाल्याची नोंद घेण्यात आली आहे.' 'आपल्या आजीची आई चंद्रभागा, निधन.' शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या बायका एका दुपारी पुन्हा गेल्या. मी घरी परतताना आमच्या गल्लीत चार-पाच घरांतून बादल्यांचे आवाज येत होते. आमच्यात मौत ऐकली की आंघोळ करतात. आपण कुणासाठी पाणी ओतून घेतोय हे त्यांना नीटसं माहीत नव्हतं, तरी लोक ओल्या केसांनी दारात येऊन एकमेकांना विचारत होते, "तुमच्याकडं कोण?"

जिवंत माणसांच्या नोंदी मात्र स्वतः जाऊन तोडाव्या लागतात. मंगळवारी मी एकनोंदीच्या केंद्रात गेले. खिडकीवर शबाना मुल्लाणी होती, माझ्या ओळखीची. तिनं अर्ज वाचला आणि ओशाळून म्हणाली, "विशाखाताई, नोंद दुभंगायची तर नोंदधारकाची संमती लागते. आणि नोंद रेवती बेडगेंच्या नावावर आहे."

"मग?"

"मग... त्यांचाच अंगठा लागेल."

मी अंगठा ठेवला. पडद्यावर आलं: 'रेवती, ओळख पटली.'

शबानानं मान दुसरीकडे वळवली. पुढचा प्रश्न आला. 'दोन नोंदींपैकी मयत कोणती?' खाली दोन चौकटी होत्या, एकीत तिचं नाव, एकीत माझं. कुणी अडवणार नव्हतं. कुठलीही दाबली असती तरी यंत्रानं मानलं असतं. मी रेवतीच्या नावावर बोट ठेवलं आणि मला मोठ्यानं रडू फुटलं. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तिच्यासाठी कधी रडले नव्हते. तिच्या घरात राहून, तिच्या कढईत भाज्या परतून, तिच्या लेकीची वेणी घालून तीन वर्षांत एकदाही रडले नव्हते.

'नोंदवणाऱ्याचे मयताशी नाते?' यादीत पती होता, पुत्र होता, नणंद, जाऊ, शेजारी सगळे होते. जे हवं ते नव्हतं. मी 'इतर' उघडून लिहिलं, सवत.

इंदुताईचा ताब्याचा अर्ज आपोआप पुन्हा जिवंत झाला. मंडळानं डिसेंबरची तारीख दिली. मधल्या दिवसांत तनू माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला समोर बसवून सगळं खरं सांगितलं होतं, माझ्या 'हो'सकट. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ती परत मेली?" मी म्हटलं, "परत नाही गं. तेव्हाच." पुढं दोन दिवस ती जेवली नाही. मग जेवायला लागली, आणि मी पुन्हा 'मावशी' झाले.

सुनावणीला मंडळाच्या बाईंनी इंदुताईला विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?" मी खाली बघत होते. पायाशी तनूची बॅग होती, या वेळी घडी मोडायची नाही असं ठरवून भरलेली.

"हिला गप्प बसता आलं असतं," इंदुताई म्हणाली. "पोरगी हिच्याकडंच राहिली असती, कुणाला कळलं नसतं. मलासुदा ते चाललं असतं. हिनं माझ्या रेवाला मरू दिलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोरगी हिच्याजवळ राहू द्या. सुट्टीत माझ्याकडं पाठवायची, एवढं लिहून घ्या."

बाहेर आल्यावर तिनं माझ्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं. रेवतीची जोडवी होती.

ती आटवून टाक करायला दिली तेव्हा मिरजेतल्या सोनारानं विचारलं, "चेहरा कसा काढू?" टाकात चेहरा कुणाचाच नसतो, सगळ्या बायका सारख्याच. मी म्हटलं, काढा तुमच्या पद्धतीनं, फक्त डाव्या भुवईत एक चीर ठेवा.

आता टाक माझ्या गळ्यात असतो, काळ्या दोऱ्यात. औषधाच्या दुकानात मला माझी गोळी मिळते. आई कराडहून फोन करते आणि बजावते की आता तरी तिची नोंद बरोबर आहे ना ते रोज बघत जा. तनूच्या तक्त्यात दोन पट्ट्या आहेत. एक बत्तिसाव्या वर्षाशी थांबलेली, दुसरी पुढं चाललेली. तेहतिसाव्या वर्षाची ती हसणारी बाई कुठंच नाही. मी शोधली. सगळ्या नोंदींत शोधली, नसल्याची खात्री होईपर्यंत.

शामरावांची पणजी काशीबाई काय करायची ते मी तनूला सांगितलं होतं, सहज, गोष्ट म्हणून. ती तशीच खेळायला निघून गेली होती. पण एका सकाळी शाळेच्या आधी ताटावर बसली तेव्हा तिनं हात पुढं केला आणि टाकावर बोट ठेवलं. टाक लहान, त्यामुळं तिचा सगळा तळहात माझ्या गळ्याला लागला.

"आई, जेवते गं," ती म्हणाली.

आता ती रोजच म्हणते. आम्हा दोघींपैकी कुणाला म्हणते ते मी विचारत नाही. बोट बाजूला होईपर्यंत हलत नाही, मग भात वाढते.